अंगावर पिणारे बाळ आणि आईची नोकरी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बँका, शाळा, दवाखाने, तहसील कचेऱ्या, औद्योगिक वसाहती अशा सर्व ठिकाणी आज आपल्या समाजातील मुली व सुना काम करताना दिसतात. त्यांतील पुष्कळजणी आपल्या घराण्यातील पहिल्या पगारदार स्त्रिया आहेत. आजीने दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, आईने पोटाला चिमटा घेऊन शिकवले, तेव्हा कुठे नातीच्या हाती नेमणुकीचा कागद आला. ही नोकरी एका वाटीभर दुधापायी सुटू नये, असे आम्हांस मनापासून वाटते.

हे वाचून कोणास नवल वाटेल. पण बाळंतपणाची रजा संपत आलेली स्त्री ज्या घरात आहे, त्या घरास हे नवल वाटणार नाही. बाळ अंगावर उत्तम पिते, वजनही चांगले आहे. परंतु वरून वाटीने, चमच्याने किंवा बाटलीने काही दिले की तोंड फिरवते, थुंकून टाकते, लालबुंद होईपर्यंत रडते. हजर होण्याची तारीख जवळ येते तसा घरात ताण वाढतो. कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी म्हणते, आईनेच लाडावून ठेवले. शेवटी, "लेकरापेक्षा नोकरी मोठी आहे का?" हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर नेहमी बाईनेच द्यायचे असते. काहीजणी बिनपगारी रजा वाढवतात, काही राजीनामा देतात.

वास्तविक या प्रश्नावर तोडगा आहे. त्यास पैसा फारसा लागत नाही. लागतो तो थोडा आधीचा वेळ, थोडी माहिती आणि घरातल्यांचा हातभार. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेत कारकुनी करणारी माणसे आहोत. परंतु बालरोगतज्ज्ञ व परिचारिका जे सांगतात आणि सहकारी भगिनींच्या घरी जे पाहावयास मिळते, ते एका जागी मांडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. विद्यार्थी-विद्यार्थिनींनीही तो वाचावा. आज धाकट्या भावंडाला किंवा भाच्याला सांभाळताना आणि उद्या स्वतःच्या संसारात त्याचा उपयोग होईल.

रजेचा हिशेब

बाळंतपणाची रजा आकाशातून पडलेली नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ साली कामगार स्त्रियांच्या प्रसूती-साहाय्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे केवळ त्या घराच्या नव्हे, तर राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याच्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. देशातील या प्रकारचा तो पहिला कायदा. ज्या साताऱ्यात बाबासाहेबांचे मातृछत्र लहानपणीच हरपले, त्या साताऱ्याच्या वाचकांस ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

पुढे १९६१ साली संपूर्ण देशासाठी प्रसूती लाभ कायदा आला. त्यात रजा १२ आठवडे होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती २६ आठवडे झाली. हीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

आता हिशेब पाहू. या २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. जिने ते सर्व आधी घेतले, तिचे बाळ ती हजर होताना १८ आठवड्यांचे, म्हणजे चार महिन्यांच्या थोडे पुढे असते. जी शेवटच्या आठवड्यापर्यंत कामावर गेली, तिचे बाळ जवळजवळ सहा महिन्यांचे असते. दोन मुले हयात असताना पुढचे बाळंतपण असेल तर रजा १२ आठवडेच असते आणि त्यातील ६ आधी गेले तर बाळ अवघे दीड महिन्याचे असते.

हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण चार महिन्यांच्या व सहा महिन्यांच्या बाळाची गोष्ट सारखी नव्हे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना व आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात. सहा महिन्यांनंतर मऊ भात-वरण, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे असे वरचे अन्न सुरू होते. म्हणजे सहा महिन्यांचे बाळ दिवसा थोडे खाईल, वाटीने थोडे दूध पिईल आणि आई आल्यावर अंगावर पिईल. त्याला बाटलीची गरजच पडू नये. खरी तयारी लागते ती चार-पाच महिन्यांच्या किंवा त्याहून लहान बाळासाठी.

बाळ नको का म्हणते?

बाळाचा हा हट्ट नव्हे आणि दृष्टही नव्हे. अंगावर पिताना बाळ स्तनाचा काळसर भाग बराचसा तोंडात घेते आणि जीभ लाटेसारखी हलवून दूध ओढते. सुरुवातीला थोडे चोखावे लागते, मग पान्हा फुटतो आणि धार वाहू लागते. रबरी निपलातून मात्र दूध पहिल्या क्षणापासून येते आणि तोंडात जाणारी वस्तूही वेगळी असते. वाटी-चमच्यात तर चोखणेच नाही. ही सर्व कामे बाळाला नव्याने शिकावी लागतात.

दुसरे असे की, जन्मतः असलेली चोखण्याची आपोआप होणारी क्रिया पहिल्या काही महिन्यांत ओसरते. नंतर बाळ इच्छेने चोखते. म्हणून दीड-दोन महिन्यांचे बाळ जे सहज घेते, तेच चार महिन्यांचे बाळ ओळखून नाकारते. तिसरे कारण म्हणजे आईचा वास. आई जवळ असली की बाळाला ठाऊक असते की खरे दूध इथेच आहे. मग ते वाटी का घेईल?

शिवाय अंगावर पिणे म्हणजे नुसते पोट भरणे नव्हे. त्यात ऊब आहे, झोप आहे, भीती घालवणे आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे बाळावर रागावण्याचे कारण उरत नाही.

वाटी, बोंडले की बाटली?

आपल्याकडे बाटली येण्यापूर्वी बोंडले होते. चोचीसारखे तोंड असलेले हे लहानसे भांडे जुन्या घरांतून अजूनही सापडते. दक्षिणेत अशाच भांड्याला पलाडाई म्हणतात आणि रुग्णालयांतही अशक्त बाळांना त्यातून दूध पाजतात. आजचे डॉक्टरही बाटलीपेक्षा वाटी, चमचा किंवा बोंडले यांनाच पसंती देतात. कारण साधे आहे. वाटी आतून-बाहेरून दिसते व स्वच्छ घासता येते. बाटलीच्या कोपऱ्यात आणि निपलाच्या छिद्रात दूध अडकून राहते, त्यात जंतू वाढतात आणि बाळाला जुलाब होतात. जिथे नळाला एक दिवसाआड पाणी येते, तिथे ही गोष्ट लहान नाही.

सरकारने १९९२ साली बालदुग्धपर्याय व दूध पाजण्याच्या बाटल्या यांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ साली आणखी कडक झाला. त्याने डब्याच्या दुधाची व बाटल्यांची जाहिरात करण्यास, फुकट नमुने वाटण्यास मनाई आहे. आईच्या दुधाची जागा बाजाराने घेऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

तरीही काही घरांत बाटलीशिवाय चालत नाही. पाळणाघरात चार बाळे असतील तर एकेकाला वाटीने पाजण्यास वेळ नसतो. अशा वेळी बाटली वापरणाऱ्या आईला दोषी धरू नये. मात्र निपल सर्वांत हळू धारेचे घ्यावे, बाटली साबण व ब्रशने घासावी, सर्व भाग सुटे करून दहा मिनिटे पाण्यात उकळावेत, आणि फुटलेले वा चिकट झालेले निपल टाकून द्यावे. वाटी-चमचाही तसाच उकळून घ्यावा. बोंडले वापरायचे असल्यास स्टीलचे बरे.

दूध काढणे व ठेवणे

"पिळलेले दूध शिळे, ते बाळाला बाधते," असा समज अजून आहे. त्यास उत्तर मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाने कधीच दिले आहे. तेथे १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. इतर मातांनी दिलेले दूध तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, ते कमी वजनाच्या व आजारी नवजात बाळांना दिले जाते. परक्या बाळाला जे दूध जीवदान देते, ते आपल्याच बाळाला कसे बाधेल? स्वतःच्या बाळासाठी घरी काढलेले दूध तापवावेही लागत नाही.

दूध हाताने काढता येते. पंप हवाच असे नाही. हात साबणाने धुवावेत. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने छाती शेकावी व हलके चोळावे. अंगठा काळसर भागाच्या वरच्या कडेवर व तर्जनी खालच्या कडेवर ठेवावी. दोन्ही बोटे आधी बरगडीकडे आत दाबावीत, मग एकमेकांकडे दाबून सोडावीत. असे लयीत करत राहावे. बोंड ओढू नये, त्याने फक्त दुखते. पहिली एक-दोन मिनिटे थेंबच येतील, मग पान्हा फुटेल. एका बाजूला चार-पाच मिनिटे झाली की दुसरी बाजू घ्यावी आणि असे आलटून पालटून वीस ते तीस मिनिटे करावे. पहिल्या दिवशी दोन चमचेच निघाले तरी खचून जाऊ नये. जितके दूध काढले जाते तितके तयार होते, हा निसर्गाचा नियम आहे. सकाळी छाती जड असते, म्हणून पहाटेच्या पाजण्यानंतरची वेळ चांगली.

काढलेले दूध झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या उकळलेल्या भांड्यात ठेवावे. २५ अंशांपर्यंतच्या गारव्यात ते चार तास टिकते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत सांगली-मिरजेकडे पारा चाळिशीच्या जवळ जातो. तेव्हा या चार तासांवर विसंबू नये. दूध काढताच फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नव्हे, ते चार दिवसांपर्यंत चांगले राहते. वीज बराच वेळ गेली तर भांडे बर्फाच्या डब्यात हलवावे. प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी लावून तारीख व वेळ लिहावी आणि जे आधी जमा ते आधी खर्च, हा नियम पाळावा.

फ्रिजमध्ये दुधावर सायीसारखा थर येतो. ते नासले असे समजू नये. भांडे हळू फिरवले की ते मिसळते. पाजण्यापूर्वी भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून दूध कोमट करावे. गॅसवर उकळू नये, मायक्रोवेव्हमध्येही ठेवू नये. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून ऊन-थंड पाहावे. बाळाने तोंड लावलेले उरलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे किंवा टाकून द्यावे. म्हणून एकदम वाटीभर न घेता थोडे थोडे काढून घ्यावे.

तीन आठवड्यांची तयारी

हजर होण्याच्या आदल्या दिवशी तयारी करून भागत नाही. किमान तीन आठवडे हाताशी ठेवावेत. त्याचबरोबर फार घाईही करू नये. बाळंतपणानंतरचे पहिले चार ते सहा आठवडे अंगावरचे पिणे नीट बसण्याचे असतात. त्या काळात बाटली न दिलेली बरी.

पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदाच, ठरावीक वेळी, दोन-चार चमचे दूध वरून द्यावे. वेळ निवडताना बाळ भुकेने कळवळलेले नसावे आणि झोपेला आलेलेही नसावे. अर्धवट भूक असलेले, खेळकर बाळ नवीन गोष्ट लवकर शिकते. उद्देश पोट भरण्याचा नाही, ओळख करून देण्याचा आहे. पोट आईनेच नंतर अंगावर भरावे.

हे दूध आईने देऊ नये. जी व्यक्ती पुढे दिवसभर सांभाळणार आहे, मग ती आजी असो, आत्या असो, वडील असोत वा पाळणाघरातील मावशी, तिनेच द्यावे. त्या वेळी आईने खोलीत, शक्य तर घरातही थांबू नये. दुकानापर्यंत जाऊन यावे. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेचे बाळ आजीकडून व मावशीकडून दूध घेईना. एके दिवशी आजोबांनी त्याला अंगणात नेले, शेजारच्या शेळ्या दाखवल्या आणि बघता बघता पाच-सहा चमचे पाजले. घरातल्या जागेशी आईची आठवण बांधलेली होती. अंगणात ती नव्हती. जागा बदलून पाहणे हा उपाय म्हणूनच सुचवावासा वाटतो.

वाटीने पाजताना बाळाला मांडीवर जवळजवळ ताठ बसवावे, मानेला आधार द्यावा. वाटीची कड खालच्या ओठाला हलके टेकवावी आणि दूध ओठापर्यंत आणून थांबावे. बाळ जिभेने चाटून, मग ओढून घेते. दूध तोंडात ओतू नये. जुन्या पद्धतीत बाळाला पायांवर आडवे ठेवून बोंडल्याने दूध घशात सोडत असत; त्यात दूध श्वासनलिकेत जाऊन ठसका लागण्याचा धोका असतो. बोंडले वापरावे, पण बसवून आणि घोटाघोटाने.

बाटली असल्यास निपल कोमट पाण्यात धरून ऊन करावे. ते वरच्या ओठाला लावावे आणि बाळ स्वतः तोंड उघडेपर्यंत वाट पाहावी. बाटली उभी धरू नये, आडवी धरावी, म्हणजे धार जोरात येत नाही. दर काही घोटांनंतर थांबावे, विसावा द्यावा, मध्येच ढेकर काढावी. बाळाने तोंड फिरवले की "पुरे" असे समजावे. बाटली उशीला टेकवून बाळाला एकटे कधीही सोडू नये.

बाळ रडू लागले तर लगेच थांबावे, कडेवर घेऊन शांत करावे, मग हवे तर पुन्हा एकदा पाहावे. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त झटापट नको. नाक दाबून, हात धरून पाजले तर बाळ वाटीलाच घाबरते आणि पुढचे आठ दिवस वाया जातात. "उपाशी ठेवा, आपोआप घेईल" हा सल्लाही मानू नये. निपलाला मध किंवा साखर लावू नये. एक वर्षाखालील बाळाला मधातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

दुसऱ्या आठवड्यात दिवसातून दोनदा आणि प्रमाण थोडे वाढवून द्यावे. पाजणाऱ्या आजीने आईची वापरलेली ओढणी स्वतःच्या खांद्यावर घेतली तर काही बाळे निवांत होतात. काही बाळांना उलट आईचा वास अजिबात नसलेला बरा. काही बाळे फिरता फिरता घेतात, काहींना कोमट दूध आवडते, काहींना साधे. एक उपाय दोन-तीन दिवस करून पाहावा, मग दुसरा. रोज पाच उपाय बदलले तर बाळ गोंधळते.

तिसऱ्या आठवड्यात रंगीत तालीम करावी. आई प्रथम दोन तास, मग चार तास, शेवटी पूर्ण दिवस बाहेर. जाताना लपून पळू नये. बाळाला सांगून, हसून जावे. आल्यावर आधी अंगावर घ्यावे. या तालमीत दूध किती लागते, कुठे अडते, हे सर्व हजर होण्यापूर्वीच कळते.

किती लागेल?

एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवस-रात्र मिळून सरासरी ७५० मिलिलिटर दूध पिते. काही कमी, काही जास्त. आठ वेळा पिणारे बाळ धरले तर एका वेळेस सुमारे ९० ते १०० मिलिलिटर होतात. आई सकाळी नऊला निघून सायंकाळी सहाला परतत असेल तर नऊ तासांत तीन ते चार वेळा, म्हणजे सुमारे ३०० ते ४०० मिलिलिटर पुरतात. साताऱ्याहून कराडला किंवा सांगलीहून इस्लामपूरकडे एस. टी. ने ये-जा असेल तर त्यात एक वेळ अधिक धरावी.

एवढे दूध फ्रिजमध्ये दिसले नाही म्हणून घाबरू नये. पुष्कळ बाळे दिवसा मोजकेच घेतात आणि आई आल्यावर संध्याकाळी व रात्री जास्त पिऊन भरपाई करतात. आईची झोप मोडते खरी, पण बाळाचे त्यात काही बिघडत नाही. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू होत असेल, बाळ तरतरीत असेल आणि अंगणवाडीच्या तक्त्यावर वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे.

आईचे दूध खरोखरच कमी पडत असेल तर दुसरे काय द्यावे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. पाणी घालून पातळ केलेले गायी-म्हशीचे दूध लहान बाळास देऊ नये. डब्याचे दूध डॉक्टरांनी सांगितलेच, तर ते पुरवावे म्हणून पातळ करू नये.

कामाच्या ठिकाणी

कामावर असताना दर तीन तासांनी दूध काढावे, नाहीतर छाती दाटते, गाठी होतात, ताप येतो आणि हळूहळू दूधही आटते. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ दिले पाहिजे, असेही कायदा म्हणतो. हे हक्क मागताना लाजू नये. तोंडी सांगण्याबरोबर एक साधा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

दूध काढण्यासाठी संडास ही जागा नव्हे. दार लागणारी कोणतीही स्वच्छ खोली, नोंदवह्यांची खोलीसुद्धा, चालते. जेवणाच्या डब्याबरोबर झाकणाचे भांडे व बर्फाची पिशवी ठेवलेला दुसरा डबा न्यावा. सहकाऱ्यांनी त्या वीस मिनिटांत तिचा काउंटर सांभाळावा. ही मेहेरबानी नव्हे, शेजारधर्म आहे.

एस. टी. स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष असतात. त्यांना हे नाव का दिले, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. रायगडावर दूध घालावयास गेलेली हिरकणी गवळण, सायंकाळी दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली, अशी कथा आहे. त्या कथेचे आपण सर्वजण कौतुक करतो. परंतु आज कामावर जाणाऱ्या आईला रोज कडा उतरावा लागू नये, यासाठी दरवाजा वेळेवर उघडणे हे आपले काम आहे.

जिला रजाच नाही तिचे काय?

ऊसतोडीला, वीटभट्टीवर, शेतमजुरीला किंवा धुण्याभांड्याला जाणाऱ्या भगिनींना ना २६ आठवडे, ना अर्ज. त्यांचे बाळ फडाच्या कडेला झोळीत असते किंवा घरी थोरल्या बहिणीच्या कडेवर, आणि ती थोरली बहीण त्या दिवशी शाळेत नसते. या लेखात त्यांना विसरून चालणार नाही.

त्यांच्यासाठी हाताने दूध काढणे ही बिनखर्चाची विद्या आहे. मात्र उन्हात, फ्रिज नसताना, दूध साठवण्यावर भर देऊ नये. जवळचे काम असेल तर बाळाला सावलीत जवळ ठेवून मधल्या सुट्टीत अंगावर पाजणे सर्वांत सुरक्षित. घरी ठेवायचेच असेल तर निघताना दूध काढावे, झाकून घरातील सर्वांत गार जागी ठेवावे आणि पहिल्याच वेळेस संपवावे. दुपारी आईने घरी यावे किंवा बाळाला तिच्याकडे न्यावे. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांना दूध कसे काढावे हे विचारावे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पात्र मातेस ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. हे पैसे थेट खात्यात येतात. म्हणून बाळंतपणापूर्वीच खाते व आधार जोडणी नीट आहे ना, हे घरातील शिकलेल्या मुलांनी पाहावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बाळ वरचे दूध नाकारते, पण अंगावर पिते, तोवर घाबरण्याचे कारण नाही. मात्र ते अंगावरही पिईना, सहा-आठ तास शू झाली नाही, तोंड कोरडे पडले, टाळू खोल गेली, बाळ सुस्त पडून राहिले, ताप किंवा जुलाब झाले, तर उतारा काढत न बसता ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये न्यावे. वाटीने प्रत्येक वेळी ठसका लागत असेल किंवा वजन वाढत नसेल तरीही दाखवावे.

घराने व समाजाने करावयाचे

बाळाला वरून दूध पाजण्याचे काम आईने करून चालत नाही, हे वर सांगितलेच. म्हणजे हे काम मुळातच इतरांचे आहे. वडिलांनी वाटी हातात घ्यावी. सासूबाईंनी सुनेला "आमच्या वेळी असे नव्हते" म्हणण्याऐवजी आपल्या अनुभवी हातांनी ती वाटी धरावी. ज्या घरात हे झाले, तेथे तिसऱ्या आठवड्याअखेर बहुतेक बाळे थोडेफार घेऊ लागल्याचे आम्ही पाहिले आहे. ज्या थोड्या बाळांनी शेवटपर्यंत घेतले नाही, तीही आई कामावर गेल्यावर तीन-चार दिवसांत रुळली, किंवा रात्री पिऊन भरपाई करती झाली.

आपल्या समाजातील सभा-समारंभांत स्त्रियांची उपस्थिती मोठी असते. सभागृहाच्या एका कोपऱ्यात पडदा लावून स्तनदा मातांना बसण्याची सोय करणे अवघड नाही. वर्षातून एकदा, १ ते ७ ऑगस्टच्या जागतिक स्तनपान सप्ताहात, एखाद्या परिचारिका भगिनीस बोलावून हाताने दूध काढणे, साठवणे व वाटीने पाजणे यांची माहिती द्यावी, आणि त्या सभेला पुरुषांनाही आग्रहाने बोलवावे. शिकलेल्या मुलीने नोकरीवर टिकून राहावे असे आपण म्हणतो, तर तिच्या बाळाची वाटी धरण्यास आपला हात पुढे आला पाहिजे.